थांबलेल्या होडीवर

चालती होडी फारशी लागत नाही, थांबलेली लागते. मालवणच्या धक्क्यावरून स्कूबाला जाणाऱ्यांची होडी सुटते तेव्हा सगळे खुशीत असतात. तोंडावर वारा, मोबाइलवर फोटो, कुणीतरी गाणं लावलेलं. सिंधुदुर्ग किल्ल्याला वळसा घालून होडी खडकांपाशी येते, नांगर पडतो, इंजिन बंद होतं आणि थोड्याच वेळात बोलणं आटतं. एकजण सारखा जांभया देतो. एकीच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब येतात, चेहरा पांढराफटक होतो, ती काही बोलत नाही, नुसती आवंढे गिळते. जांभया, तोंडाला सुटलेलं पाणी, थंड घाम, मग गप्प होणं. ओकारी येण्याच्या बऱ्याच आधी हे सुरू झालेलं असतं. जुने खलाशी ते लांबूनच ओळखतात.

*

इंजिन चालू असताना होडी लाटा कापत जाते. धक्के बसतात, पण भराभर. इंजिन थांबलं की ती समुद्राच्या तालावर जाते. नांगरावरची होडी वाऱ्याकडे तोंड करून राहते, लाट मात्र कधीकधी भलत्याच दिशेने येऊन कुशीवर आदळते. गळ टाकून नुसती वाहत ठेवलेली होडी तर लाटेला आडवीच होते. मग ती संथ, खोल डुलत राहते, आणि पोटात ढवळतं ते याच संथ डुलण्याने.

1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माणसांना बंद खोलीत बसवून ती खोली यंत्राने वरखाली हलवली होती. सगळ्यात जास्त माणसं आजारी पडली ती साधारण पाच सेकंदांत एकदा वरखाली होणाऱ्या हेलकाव्यावर. ताल बराच जलद केला की त्रास उतरला. घोड्यावर रपेट करणारा हिसडे खातो, त्याचं अंग दुखतं, पण त्याला मळमळत नाही, त्याचं कारण हेच.

डायव्हिंग आणि गळाची मासेमारी ही दोन्ही कामं थांबलेल्या होडीवरच होतात. गेटवे ते मांडवा लाँचमध्ये ज्याला कधी काही झालं नाही, तो इथे तासाभरात आडवा होतो. त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं.

*

जुन्या कोकण आगबोटींच्या आठवणी सांगणारी माणसं एक गोष्ट हमखास सांगतात. वाटेत जेमतेम निभायचं, पण बंदरात बोट थांबली, किनाऱ्यावर न्यायला पडाव आले की हाल सुरू. आगबोट डुलतेय, शेजारी पडाव तिच्यापेक्षा जास्त डुलतोय, आणि कडेवर पोर, डोक्यावर ट्रंक घेऊन एकातून दुसऱ्यात उतरायचं. किनारा समोर दिसत असताना माणसं ओकत असत.

*

कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, तोल सांभाळणारं इंद्रिय आहे. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांत द्रव. तांब्या गर्रकन फिरवला की आतलं पाणी क्षणभर मागे राहतं, तसा डोकं वळल्यावर हा द्रव मागे राहतो आणि आतल्या अतिसूक्ष्म केसांना वाकवतो. शेजारी दोन पिशव्या असतात, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण. वरखाली, पुढेमागे होणारी हालचाल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ते सांगतात.

होडीच्या केबिनमध्ये बसलं की कान सांगतो, आपण हलतोय. डोळा सांगतो, समोरची फळी जागच्या जागी आहे. मेंदूने आयुष्यभर जमिनीवर जो अंदाज बांधलेला असतो, त्यात हे दोन निरोप एकत्र बसत नाहीत. जेम्स रीझन आणि ब्रँड यांनी 1975 च्या पुस्तकात हीच मांडणी, म्हणजे संवेदनांच्या संघर्षाचा सिद्धांत, केली आणि आजही बहुतेक अभ्यासक तिच्याच आधाराने बोलतात.

पण मग ओकारीच का? नुसती चक्कर येऊन का भागत नाही? 1977 मध्ये ट्राइसमन यांनी एक उत्तर सुचवलं. विषारी काही खाल्लं की डोळा आणि कान यांचा मेळ बिघडतो. शरीराला या बिघाडाचा अर्थ 'विष पोटात गेलं' असाच ठाऊक आहे, म्हणून ते पोट रिकामं करतं. यावर अजून वाद आहे. मला ही कल्पना पटते, कारण होडीवर आजारी पडलेल्या माणसाचा चेहरा खरोखर विषबाधा झालेल्या माणसासारखा दिसतो.

*

मूळ कानातच आहे, हे सगळ्यात स्पष्टपणे दाखवून दिलं ते बहिऱ्या माणसांनी.

1882 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी मूकबधिरांकडे चौकशी केली तेव्हा त्यांतल्या अनेकांना गरगर फिरवूनही चक्कर येत नाही आणि बोटही लागत नाही असं आढळलं. पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस, माणसाला अंतराळात पाठवायची तयारी चालू असताना, अमेरिकी नौदलाने वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजमधून अकरा बहिरे पुरुष निवडले. एक सोडून बाकी सगळ्यांना लहानपणी मेंदूज्वर होऊन गेला होता. त्यात ऐकू येणं गेलं होतं आणि तोल सांभाळणारं इंद्रियही निकामी झालं होतं. त्यांना सतत फिरणाऱ्या खोलीत ठेवलं, विमानात गटांगळ्या खायला लावल्या. एकदा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं. ही मंडळी पत्ते खेळत बसली. त्यांच्यावर लक्ष ठेवायला आलेले संशोधक मात्र इतके आजारी पडले की ती चाचणी आवरती घ्यावी लागली.

अंतराळवीरांची नावं आपण शाळेत पाठ करतो. या अकरा जणांबद्दल एक परिच्छेद तरी पाठ्यपुस्तकात असायला हवा.

*

दृष्टिहीन माणसांना बोट लागते. म्हणजे डोळा नसला तरी एकटा कान पुरेसा आहे. डोळे मिटून आडवं पडल्यावर बऱ्याच जणांना बरं वाटतं हे खरं, कारण एक निरोप कमी होतो आणि डोकं स्थिर राहतं. पूर्ण सुटका मात्र होत नाही.

*

कुणाला जास्त लागते? दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा नाही. सहा-सात वर्षांपासून वाढत जातं, नऊ-दहाच्या आसपास सर्वांत जास्त असतं, मग वयाबरोबर हळूहळू उतरतं. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात त्याहून जास्त. अर्धशिशी असलेल्यांना तर फारच. घाटात एसटी लागणाऱ्याला होडीही लागण्याचा संभव मोठा. घराण्यातही उतरतं. 2015 साली ऐंशी हजारांवर लोकांच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा गाडी लागण्याशी निगडित अशा 35 जागा सापडल्या. त्यांतल्या काही आंतरकर्णाच्या घडणीशी संबंधित आहेत.

या यादीत धैर्य कुठेच नाही. मनाचा निग्रह, पोहण्याची ताकद, व्यायामाचं शरीर यांपैकी काहीही नाही. तरी होडीवर ओकणाऱ्या माणसाला, विशेषतः पुरुषाला, 'काय रे, एवढ्यात झाली का हवा टाइट?' हे ऐकावंच लागतं. मला हे मनापासून खटकतं.

*

ब्रिटिश नौसेनापती नेल्सन जन्मभर आरमारात राहिला आणि वारा जोराचा सुटला की त्याला लागायचीच. त्याने स्वतः तसं लिहून ठेवलं आहे. चार्ल्स डार्विन 27 डिसेंबर 1831 ला 'बीगल' जहाजावर निघाला आणि 1836 च्या ऑक्टोबरात परतला. एवढ्या वर्षांतही त्याचा त्रास गेला नाही. सुरुवातीच्या दिवसांत पोटात ठरायची ती फक्त बिस्किटं आणि मनुका. संधी मिळेल तिथे तो जमिनीवर उतरून राहिला, मैलोन्मैल भटकला. प्रवासाचा निम्म्याहून जास्त काळ त्याने जमिनीवर काढला.

*

एकाच होडीत बसलेल्या दोघांपैकी एकाला लागते आणि एकाला नाही, यात पुष्कळदा ते दोघे काय करतायत हे महत्त्वाचं असतं.

तांडेल सुकाणूपाशी उभा असतो. नजर लांब, पाय किंचित वाकवलेले, येणारी लाट त्याला आधीच दिसते आणि अंग तिच्यासाठी आधीच तयार होतं. मोटार चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, त्याचं कारणही हेच. उलट गळाला आमिष लावणारा बघा. मान खाली, बोटांत काटा, डोळे एका वीतभर जागेवर खिळलेले, वर डोक्यात सुरमई-बांगड्याचा वास. जाळ्यात गुंतलेले मासे सोडवणारा तसाच. कॅमेऱ्याच्या पडद्यात बघणारा तसाच. स्कूबाला आलेला नवखा माणूस तर सगळ्यात वाईट स्थितीत असतो. वाकून फिन घालायचे, पट्टे शोधायचे, मुखवट्यावर थुंकी चोळायची, आणि हे सगळं गळ्याशी व पोटाशी आवळणाऱ्या रबरी सूटमध्ये, उन्हात.

किल्ल्याजवळ नांगरलेल्या एका होडीत पुण्याहून आलेला एक कॉलेजचा मुलगा असाच वाकून पट्ट्याशी झटत होता. तांडेलकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 'खाली बघू नको रे. थंय बघ, किल्ल्याकडे.' मुलगा उभा राहिला, तटाकडे बघत राहिला. काकांनी त्याचे पट्टे स्वतः बांधले, मानेवरची चेन थोडी उघडली, मग इंजिनापासून लांब, होडीच्या मध्यावर नेऊन बसवलं. काही वेळाने त्याच्या गालावर रंग आला. संवेदनांच्या संघर्षाचा सिद्धांत काकांनी वाचलेला नव्हता. करायला हवी ती एकूणएक गोष्ट मात्र त्यांनी केली: लांबची स्थिर खूण, सरळ मान, मोकळा गळा, डिझेलच्या धुरापासून दूर, आणि जिथे होडी सगळ्यात कमी वरखाली होते ती मधली जागा.

*

वासाने बोट लागत नाही, पण लागत असलेली बोट वासाने पुरती लागते. डिझेलचा धूर, कालच्या आमिषाची घाण, शेजाऱ्याची ओकारी. होडी थांबली की धूर मागे जात नाही, तिथेच घोटाळतो.

*

रिकाम्या पोटी जावं की भरल्या? दोन्ही नको. इकडचे मच्छीमार पहाटे उकड्या तांदळाची पेज पिऊन निघतात, त्यात अनुभवाचं शहाणपण आहे: हलकं, पातळ, तेलाशिवाय. पर्यटक आदल्या रात्री मासे-सोडे-तळलेलं खातात, कुणी दारू पितात, दोनला झोपतात, सातला उपाशीपोटी होडीत बसतात. निम्मं दुखणं ते खोलीतूनच घेऊन निघालेले असतात.

*

सकाळी जा. शाळेच्या भूगोलात मतलई आणि खारे वारे शिकलो ते इथे कामाला येतं. रात्री जमीन लवकर थंड होते, पहाटे जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा असतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी बरंचसं शांत असतं. ऊन चढलं की समुद्रावरून वारा सुटतो, दुपारपर्यंत पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागतात. फेब्रुवारीनंतर हे आणखी जाणवतं. 'दुपारची बॅच स्वस्त आहे' म्हणून दुपारी जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

*

मासेमारीबद्दल लिहिताना हौसेचा गळ पटकन आठवतो, पोटासाठी जाणारे खलाशी आठवत नाहीत. रत्नागिरी, हर्णै, मालवणच्या मोठ्या बोटींवर आज पुष्कळ खलाशी नेपाळचे आहेत, झारखंड-उत्तर प्रदेशकडचे आहेत. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी संपते, ऑगस्टमध्ये समुद्र अजून निवळलेला नसतो, आणि डोंगरात वाढलेला, कधी समुद्र न पाहिलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा कित्येक दिवसांच्या फेरीवर निघतो. त्याला परत किनाऱ्यावर सोडायला कोणी बोट वळवत नाही.

शरीर सवय करून घेतं, बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत. ते दोन-तीन दिवस मात्र फार वाईट जातात. पाणी पोटात ठरत नाही, तरी जाळं ओढावंच लागतं. सगळ्यात भीतीची गोष्ट रात्रीची. ओकारी आली की माणूस नकळत कठड्यावरून बाहेर वाकतो, हातापायांत त्राण नसतं, बोट डुलतेय आणि बाकीचे झोपलेत. नव्या पोराला पहिले तीन दिवस लाइफ जॅकेट अंगावरून उतरवू न देणारे नाखवे आहेत. ओकायचं तर बादलीत ओक, कठड्याशी जायचं नाही, असं बजावणारे तांडेल आहेत. सगळ्याच बोटींवर असे असते तर बरं झालं असतं.

आणि ही सवय टिकत नाही. बंदीचे दोन महिने जमिनीवर काढले की मुरलेल्या खलाशालाही पहिल्या फेरीत डोकं जड वाटू शकतं. तो बोलून दाखवत नाही, एवढंच.

*

पाण्यात उतरल्यावर बरं वाटतं का? बऱ्याचदा हो. लाटेचं हलणं खोलीबरोबर वेगाने कमी होतं, काही मीटर खाली गेलं की वरची खळबळ मागे राहते. अडकण्याची जागा मधली आहे: पृष्ठभागावर, अंगावर सगळं सामान, तोंडावर मुखवटा, बाजूचं काही दिसत नाही, आणि बाकीचे उतरेपर्यंत लाटांवर हिंदकळत थांबायचं. ज्याला मळमळतंय त्याला आधी खाली न्यावं, ही साधी गोष्ट सगळेच प्रशिक्षक पाळत नाहीत.

लांब पल्ल्याची लाट असेल तर तळाशीही पाणी मागेपुढे ओढतं. तेव्हा डुलणाऱ्या शेवाळाकडे बघू नये, खडकाकडे बघावं.

पाण्याखाली ओकारी आलीच तर तोंडातला रेग्युलेटर काढायचा नाही. हाताने घट्ट धरून त्यातूनच ओकायचं, मग बटण दाबून तो साफ करायचा आणि सावकाश श्वास घ्यायचा. ओकल्यावर माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो. त्या क्षणी तोंडात नळी नसेल तर फुप्फुसात पाणी जातं. पहिल्यांदा उतरणाऱ्याला हे किनाऱ्यावरच, शांतपणे, दोनदा सांगायला हवं. किळसवाणं वाटेल म्हणून टाळतात, टाळू नये.

*

पाण्याखालची प्रत्येक चक्कर म्हणजे बोट लागणं नव्हे. वर येताना एका कानातला दाब मोकळा झाला आणि दुसऱ्यातला अडकला तर जग एकाएकी गरगरतं. एकाच कानात गार पाणी शिरलं तरी तसंच होतं. दोन्ही बहुधा थोड्या वेळात निवतात. खडक किंवा दोर धरून थांबायचं. सर्दी असताना उतरू नये, याचं हे एक मोठं कारण.

*

औषधांची एक गोष्ट मला फार आवडते. 1947 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका गरोदर बाईला अंगावर पित्त उठायचं म्हणून एक नवं औषध दिलं. तिने येऊन सांगितलं की पित्ताचं जाऊ द्या, आयुष्यभर ट्राम लागायची ती थांबली. डॉक्टरांनी ते कानाआड केलं नाही. त्याच वर्षाअखेर अटलांटिक ओलांडणाऱ्या सैनिकी जहाजावर ते औषध तपासून पाहिलं आणि ते लागू पडलं. डायमेनहायड्रिनेट ते हेच. रुग्ण बोलली आणि ऐकणाऱ्याने ऐकलं, एवढ्यावर शोध लागला.

आपल्याकडे प्रोमेथाझिन आणि सिनारिझिनच्या गोळ्या मिळतात. या सगळ्यांचा उपयोग निघण्याआधी घेतल्यावर होतो, ओकारी सुरू झाल्यावर पोट गोळी ठेवूच देत नाही. केमिस्टकडे 'ओकारीची गोळी' मागितली तर पुष्कळदा ऑनडान्सेट्रॉन हातात पडतं. ते इतर ओकाऱ्यांवर चांगलं आहे, प्रवासाच्या मळमळीवर त्याचा फारसा उपयोग नाही. हायोसिन जुनं आणि जोरकस. ते धोतऱ्यातही असतं, पण म्हणून धोतऱ्याशी खेळू नये, तो जीव घेतो.

बहुतेक गोळ्यांनी झोप येते. गळ टाकून बसणाऱ्याचं त्याने फार बिघडत नाही, पाण्याखाली जाणाऱ्याचं बिघडू शकतं. खोलीवर नायट्रोजनमुळे आधीच डोकं मंद होतं, त्यात गोळीची गुंगी. म्हणून डायव्हिंगच्या दिवशी पहिल्यांदा गोळी घेऊन बघणं चूक. आधी घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, आणि तीसुद्धा डॉक्टरांना 'मी पाण्याखाली जाणार आहे' असं सांगूनच.

आल्याबद्दल मी आशावादी आहे. डेन्मार्कच्या नौदल छात्रांवरच्या चाचणीत सुंठेने ओकाऱ्या कमी झाल्या होत्या, सगळ्या चाचण्या तितक्या अनुकूल नाहीत. आलेपाकाची वडी खिशात ठेवायला खर्च नाही आणि गुंगीही नाही. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांबद्दल मला एवढा विश्वास वाटत नाही.

*

किनाऱ्यावर उतरल्यावर खोली डुलते, न्हाणीघरात भिंत धरावी लागते. मेंदू अजून होडीतच असतो. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जातं. त्याहून लांबलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

*

स्कूबाच्या होड्या चालवणाऱ्यांना एक विनंती. मळमळणारा माणूस गप्प बसतो, कारण पैसे भरलेले असतात, बरोबरचे हसतील असं वाटतं, आणि आपल्यामुळे होडी परतली तर काय ही धास्ती असते. त्याच स्थितीत तो पाण्यात उतरतो. निघण्याआधी सगळ्यांसमोर एवढं सांगा की ज्याला बरं वाटत नसेल त्याने सांगायचं, त्याची डुबकी दुसऱ्या दिवशी होईल, पैसे बुडणार नाहीत. आणि तुम्ही जाणार असाल तर घाबरू नका, लाजूही नका: पहिली जांभई आली की प्रशिक्षकाला सांगा.